राजगडाचा माथा आणि वाढत्या कंपनीची कचेरी

सुमारे पाव शतक ज्या राजगडावरून स्वराज्याचा कारभार चालला, आणि १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांच्या स्वाधीन करावे लागले तेव्हाही जो शिवाजी महाराजांनी हातचा जाऊ दिला नाही, तो गड सोडून राजधानी रायगडी का न्यावी लागली, याची नेहमी सांगितली जाणारी कारणे, म्हणजे समुद्राचे सान्निध्य आणि देशावरून चालून येणाऱ्या फौजेस पडणारी दुर्गमता, खरीच आहेत; परंतु मला त्याहून विचारार्ह वाटते ती खुद्द राजगडाच्या माथ्याची ठेवण. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना पसरलेल्या, मधोमध उभ्या चढणीचा बालेकिल्ला. एकूण विस्तार अवाढव्य, पण संजीवनी लांबच लांब आणि चिंचोळी, सदर पद्मावतीवर, आणि एका अंगाचा माणूस दुसऱ्या अंगास जायचा म्हणजे चढउतार आलीच. झुंजण्यास याहून उत्तम रचना क्वचितच सापडेल. अष्टप्रधान, अठरा कारखाने आणि बारा महाल असा पसारा झालेल्या राज्याला मात्र राजसभा, वाडे, बाजारपेठ ही एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर मांडता येतील अशी सलग भूमी हवी होती, आणि ती रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांना तेथे मिळाली.

आजच्या वाढत्या सॉफ्टवेअर कंपनीचे दुखणे नेमके हेच असते. इन्फोसिससारखी संस्था १९८१ साली पुण्यात अत्यल्प भांडवलावर सुरू झाली, तेव्हा भव्य कचेरीची तिला गरज नव्हती, आणि आरंभी ती कोणालाच नसते. पुढे माणसे वाढतात, वरच्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने घेतला जातो, मग शेजारच्या सोसायटीतला. प्रोग्राम लिहिणारे एका इमारतीत, तपासणारे दुसऱ्या, ग्राहकांचे फोन घेणारे तिसऱ्या. चौरस फूट वाढतात, सलगता नाहीशी होते, आणि समोरासमोर दोन मिनिटांत मिटणारी शंका तीन दिवस ईमेलमधून भटकते. मालक मात्र भाड्याचा आकडा पाहून समाधानी असतो, कारण या भटकंतीचा खर्च कोणत्याच खतावणीत पडत नाही.

सलग जागा म्हणजे एकच मोकळे दालन, असाही एक समज आहे. तो मला सर्वस्वी चुकीचा वाटतो. भोरच्या पंतसचिवांचा राजवाडा पाहावा. पंतसचिवांच्या पदाचे मूळ कामच राज्याच्या कागदपत्रांची तपासणी, त्यामुळे दफ्तराला निवांतपणा लागतो हे त्या घराण्यास कोणी शिकवावयास नको होते. अशा वाड्यात दर्शनी चौकात कोणीही यावे, दिवाणखान्यात बोलावलेल्याने, आणि आतल्या चौकात घरच्यानेच, अशी पायरी असते. विक्रीवाल्याच्या फोनचा गोंगाट, हिशेबनिसाचे गोपनीय कागद आणि सूक्ष्म चूक शोधणाऱ्याची एकाग्रता ही एकाच छताखाली नांदावीत, पण एकाच खोलीत नव्हे.

घरबसल्या काम होत असता कचेरीच कशाला, हा आक्षेप २०२० पासून वारंवार ऐकू येतो. अनुभवी माणसापुरता तो मान्य करावा. परंतु वेल्ह्याच्या डोंगराआडच्या गावातला, कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला मुलगा, ज्याला नेटवर्कसाठी घराबाहेर टेकाडावर जावे लागते, तो शेजारच्या ज्येष्ठाचे बोलणे कानावर पडल्यावाचून धंदा शिकणार कसा?

हाच मुलगा नसरापूर, खेड शिवापूर, कात्रज असा टप्प्याटप्प्याने हिंजवडीस पोहोचतो तेव्हा त्याचा निम्मा उत्साह रस्त्यातच सरलेला असतो, मग तेथील इमारत कितीही काचेची असो. म्हणून जागा बदलू पाहणाऱ्या कंपनीने दलालाचा नकाशा उघडण्यापूर्वी आपली माणसे कोणत्या गावांहून येतात याची यादी करावी. त्यात भोर, नसरापूर, वेल्हे ही नावे पुष्कळ निघाली, तर महामार्गालगत दक्षिणेस एक नीटनेटकी, बेताच्या आकाराची कचेरी थाटण्याचा हिशेब एकदा तरी मांडून पाहण्यास हरकत नसावी.