आज्ञापालन : काही शंका आणि समाधान

प्रश्न : तारण कृपेने मिळते, कर्मांनी नव्हे. मग आज्ञा पाळण्याची गरज उरतेच कुठे?

उत्तर : पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या 2ऱ्या अध्यायात दोन्ही गोष्टी लागोपाठ सांगितल्या आहेत. तारण हे दान आहे, त्याबद्दल कोणाला बढाई मारता येत नाही. आणि लगेच 10व्या वचनात, तारलेला माणूस सत्कृत्यांसाठीच घडवलेला आहे. सीनाय पर्वतावरही हाच क्रम दिसतो. मिसरच्या दास्यातून सोडवल्याची आठवण देऊन मगच देव दहा आज्ञा देतो. सुटका आधी, आज्ञा नंतर. म्हणून ख्रिस्ती माणसाचे आज्ञापालन ही तारणाची किंमत नव्हे, सुटलेल्याची कृतज्ञता होय.

प्रश्न : उपासना, प्रार्थना, दशांश यांत कसूर नाही; एखादी आज्ञा बाजूला राहिली तर काय बिघडते?

उत्तर : सर्व काही नष्ट करण्याची देवाची आज्ञा असताना शौल राजाने अमालेक्यांची उत्तम गुरेमेंढरे राखून ठेवली आणि ती यज्ञासाठी आहेत असे सांगितले. शमुवेल संदेष्ट्याने ती सबब मान्य केली नाही (1 शमुवेल 15). दशांश नेमाने देऊन मजुराची मजुरी अडवून ठेवणाऱ्याची गत याहून वेगळी नाही. याकोबाच्या पत्राचा 5वा अध्याय ती अडवलेली मजुरीच ओरडते असे म्हणतो.

प्रश्न : पाळक किंवा मंडळीतील वडीलधारे सांगतील ते देवाचीच आज्ञा म्हणून मानावे काय?

उत्तर : इब्री लोकांस पत्राच्या 13व्या अध्यायात पुढाऱ्यांचे ऐकण्याची सूचना आहे, आणि ती हलक्यावारी टाळता येणार नाही. पण बिरुया गावच्या लोकांनी खुद्द पौलाचे बोलणेही शास्त्राशी ताडून पाहिले, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांची वाखाणणीच आहे.

या प्रश्नाचा मराठी माणसाला सर्वांत जवळचा दाखला पंडिता रमाबाईंचा. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांना 1885 मध्ये स्पष्ट कळवले, की मायदेशातील पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर, धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द परमेश्वराचा हुकूम मानून तसलेच दुसरे जोखड आपण मानेवर घेणार नाही. देवाच्या वचनाची आज्ञा वेगळी आणि धर्मगुरूंची वेगळी, असे त्यांचे म्हणणे होते.

याला बंडखोरी म्हणणे अन्यायाचे होईल. मनाला येईल ते करण्याची मोकळीक रमाबाईंनी मागितलीच नव्हती. पुढे दुष्काळाच्या काळात मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा आणून त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना आसरा दिला; हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम 5 एप्रिल 1922 रोजी मृत्यू येईपर्यंत चालवले. इतके कष्टाचे आज्ञापालन फार थोड्यांच्या हातून घडते. माणसाची आज्ञा तपासून घेण्याचा हक्क खरा शोभतो तो देवाची आज्ञा झेलायला तयार असलेल्यालाच.

प्रश्न : शेजारी किंवा नातेवाईक प्रेमाने प्रसाद देतात. तो घ्यावा की नाकारावा?

उत्तर : करिंथच्या मंडळीत मूर्तीला वाहिलेल्या मांसावरून हाच पेच पडला होता. पौलाच्या मते मूर्तीला वाहिल्याने अन्नात काही शिरत नाही. बाजारातले अन्न चौकशी न करता खावे. मात्र ‘हे वाहिलेले आहे’ असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी ते खाऊ नये (1 करिंथ 10). प्रसाद तर तसे सांगूनच दिला जातो. म्हणून पौलाचा शब्द प्रमाण मानल्यास तो न घेणेच योग्य ठरते. नकार मात्र हात जोडून, हसून द्यावा आणि त्याच घरचा चहा, फराळ आनंदाने घ्यावा. देणाऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करणे हे आज्ञापालनात मुळीच बसत नाही. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा तिथेच मोडते.