जुन्या पाण्यातले मासे



शाळांच्या परीक्षा संपल्या की आपल्या भागात बिऱ्हाडे हलू लागतात. कुणाला धाटावच्या कारखान्यात नोकरी लागते, कुणाची बदली होते. पेणहून रोहा तसा दूर नाही. भांडीकुंडी टेम्पोत चढतात. अडचण होते ती काचेच्या टाकीतल्या माशांची.

अशा वेळी आपण बहुधा टाकी रिकामी करतो, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुतो आणि नव्या घरी ताजे पाणी भरतो. टाकी चकाचक दिसते, पण थोड्याच दिवसांत एकेक मासा दगावतो. मासे अमोनिया बाहेर टाकतात आणि तो त्यांनाच विषारी असतो. स्पंजावर व खड्यांवर राहणारे सूक्ष्म जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग पुष्कळसे निरुपद्रवी नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन या जिवाणूंना मारते. ते पुन्हा वाढायला काही आठवडे लागतात. घाण म्हणून आपण जे धुऊन टाकले, त्यावरच मासे जगत होते.

जाणकार माणूस एक दिवस आधीपासून माशांना खाणे देत नाही. मासे टाकीतल्याच पाण्यात, पिशवीत भरपूर हवा ठेवून नेतो. स्पंज आणि खडे त्याच पाण्यात ओले ठेवतो. नव्या घरी सामान लावण्याआधी टाकी मांडतो. नव्या पाण्यातले क्लोरीन औषधाने घालवतो. पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवतो, थोडे थोडे नवे पाणी तिच्यात मिसळतो आणि मगच मासे सोडतो.

बंधू-भगिनींनो, घर बदलताना माशांना कुणी विचारत नाही. घरातल्या आजीला आणि शाळकरी मुलांनाही आपण फारसे विचारत नाही. निर्णय कमावत्याचा असतो, पाणी मात्र सर्वांचे बदलते. नव्या घरी ‘आधी सामान लागू दे’ म्हणून संध्याकाळची रोझरी थांबते. आजीला बोलायला शेजारीण नसते. मूल गप्प होते, आणि आपल्याला वाटते की ते रुळले.

अब्राहाम देवाच्या शब्दावर आपला देश सोडून निघाला. कनानात त्याने ठिकठिकाणी तंबू ठोकले आणि तिथे प्रभूसाठी वेदीही बांधली. आपणही खोकी उघडण्याआधी पहिल्याच संध्याकाळी क्रूसापुढे मेणबत्ती लावून एकत्र बसू या. आजीला जुन्या शेजारणीशी फोनवर बोलू देऊ या. मुलांना सावकाश रुळू देऊ या.

आणि आपल्या धर्मग्रामात कुणी नवे कुटुंब आले असेल, तर आज मिस्सानंतर आपणच पुढे होऊन त्यांची विचारपूस करू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू