घेणाऱ्याच्या नावे

जगात दोन प्रकारची माणसं असतात. ज्यांची गाडी चुकते ती, आणि ज्यांची गाडी देव चुकवतो ती. मी पहिल्या प्रकारात जन्मलो आणि लग्न दुसऱ्या प्रकारात केलं.

आमच्या हिच्या शब्दकोशात 'गैरसोय' हा शब्दच नाही. त्या जागी 'संकेत' असा शब्द आहे. दूध नासलं, संकेत. दळण घेऊन गिरणीवर गेलं आणि वीज गेली, संकेत. पाण्याचा टँकर आला नाही, फार मोठा संकेत. वसई-विरारकडे राहणाऱ्या माणसाला देव दिवसाकाठी इतके संकेत पाठवतो, की दहिसरच्या खाडीपलीकडे त्याचं लक्षच नसावं अशी मला कधीकधी शंका येते.

परवाचीच गोष्ट घ्या. एका कचेरीत मी दाखला आणायला गेलो होतो. कोणती कचेरी ते विचारू नका. मी स्वतः काउंटरच्या आतला माणूस आहे, आणि आतल्यांनी आतल्यांची नावं घ्यायची नसतात. तासभर रांगेत उभा राहिलो. माझा नंबर लागायला आणि साहेब जेवायला उठायला एकच गाठ पडली. चरफडत परत फिरलो, तर नाक्यावर आमचा प्लंबर दिसला. गेले तीन आठवडे हा गृहस्थ फोन उचलत नव्हता. त्याला तसाच दंडाला धरून घरी आणला आणि नळ दुरुस्त करून घेतला.

"बघा!" ही म्हणाली. "साहेब जागेवर असते, तर प्लंबर भेटला असता का?"

"म्हणजे आपल्या नळासाठी देवानं साहेबांना भूक लावली?"

"भूक त्यांना रोजच लागते. आज जरा लवकर लावली."

या युक्तिवादाला उत्तर नाही. बी.कॉम.ला तर नाहीच नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला आठवलं, त्या रांगेत माझ्या मागे बावीस माणसं होती. त्यांत एक आजी अर्नाळ्याहून आल्या होत्या, सकाळपासून उपाशी. नळ आमचा दुरुस्त झाला. त्या आजींना वाटेत कोण भेटलं असेल?

असे प्रश्न हिला पडत नाहीत. शेजारच्या मास्तरांच्या मिसेसनाही पडत नाहीत. मास्तर ख्रिस्ती, शाळेतून निवृत्त झालेले. बाईंचा भरवसा संत अंतोनींवर. हरवलेली वस्तू शोधून देण्याचं खातं ख्रिस्ती लोकांत पूर्वापार त्यांच्याकडे आहे. मागे आमच्या कपाटाची किल्ली हरवली, तेव्हा हिनं जीवदानीला साकडं घातलं आणि बाईंनी अंतोनींना. किल्ली फ्रिजखाली सापडली. श्रेय कुणाला द्यायचं? मला वाटलं, आता मजल्यावर धर्मयुद्ध होणार. कसलं काय! दोघींनी मिळून चहा घेतला, बाईंनी बशीत सुकेळी आणली आणि श्रेय दोघांत वाटून टाकलं. आमच्या बँकेच्या भाषेत, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' खातं. कुणीही सही करावी.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. घरात देवाचा हात आहे म्हटलं की गिरणीवरून हात हलवत परत येतानासुद्धा माणूस कमी चिडतो. डॉक्टरांच्या गोळीपेक्षा हे स्वस्त. माझी अडचण निराळी आहे. मी कॉमर्सचा माणूस. मला लहानपणी देवाची भीती घातली नाही एवढी कॉलेजात द्विनोंदी पद्धतीची घातली. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. इकडे एक रुपया जमा झाला, की कुठेतरी तो नावे पडलेलाच असतो. एकच बाजू लिहून वही मिटवणाऱ्याला आमच्याकडे मेमो मिळतो.

आता गंमत अशी, की ही पद्धत छापील पुस्तकात मांडून दाखवणारा लुका पाचिओली हा कुणी सावकार नव्हता. फ्रान्सिस्कन पंथाचा संन्यासी होता. १४९४ साली व्हेनिसला त्याचं गणिताचं पुस्तक छापलं, त्यात हे जमा-नावेचं प्रकरण आहे. वहीच्या माथ्यावर देवाचं नाव लिहून सुरुवात करावी, असं तो सांगतो. आपल्याकडेही कीर्द-खतावणीच्या माथ्यावर 'श्री' असतोच. संन्यासी असो की वाणी, देवाचं नाव त्यानं पानाच्या वर लिहिलं. खालच्या रकान्यांत मात्र माणसांची नावं आणि नेमके आकडे. आमच्या घरात काय होतं, माथ्यावरचा 'श्री' खाली उतरून प्रत्येक रकान्यात जाऊन बसतो. मग हिशेब जुळायचा कसा?

आमच्या वसईचाच हिशेब बघा. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसईच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्ला हाती आला तर तुझं देऊळ बांधीन, असा त्यांनी वज्रेश्वरीला नवस केला होता. मे महिन्यात किल्ला पडला आणि बोलल्याप्रमाणे देऊळ उभं राहिलं. व्यवहार चोख. पण किल्ल्याच्या आतही चर्चेस होती, एक सोडून अनेक. वेढ्याच्या त्या दिवसांत आतले लोक काय मुकाट्यानं बसले असतील? त्यांनीही गुडघे टेकलेच असतील. त्यांचा अर्ज कुठल्या टेबलावर अडकला? विजयानंतर चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला. घंटा बिचारी कुणाचीच तक्रार करत नाही. पूर्वी मासला वाजायची, मग आरतीला वाजली. देवाच्या माथ्यावर लटकणाऱ्यांना रकान्यांशी कर्तव्य नसतं, हे तिला माणसांच्या आधी कळलं असावं.

पण पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा प्रश्न डोक्याला फार त्रास देत नाही. माझ्या डोक्यात तो शिरला ११ जुलै २००६ ला. मंगळवार होता. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, अवघ्या अकरा मिनिटांत, पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. १८० हून अधिक माणसं गेली. चर्चगेटहून घरी निघालेली माणसं, कुणाच्या पिशवीत भाजी, कुणाच्या हातात घडी घातलेला पेपर.

मी तेव्हा बँकेत नवा होतो. आमच्या डब्यातल्या ग्रुपमधला एकजण माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा होता. जूनमध्ये त्याला बढती मिळाली आणि फर्स्ट क्लासचा पास निघाला. त्याच्या आईनं विरारला जीवदानीच्या तेराशेच्या वर पायऱ्या चढून नवस फेडला. त्यानं आम्हांला सेकंड क्लासात येऊन पेढे वाटले, शेवटचे म्हणून. पुढचं सांगायला नको.

त्याच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा खोली माणसांनी भरलेली होती. एक शेजारीणबाई, मनानं अतिशय चांगल्या, कुणाला तरी हळू आवाजात सांगत होत्या, "आमच्या ह्यांना देवानंच वाचवलं हो. चपलेचा अंगठा तुटला म्हणून नेमकी तीच गाडी चुकली."

आईनं ते ऐकलं. ती रागावली नाही. पत्ता विचारावा इतक्या साधेपणानं तिनं विचारलं, "मग माझ्या मुलाला ती गाडी कुणी मिळवून दिली?"

कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळानं कुणीतरी चहाचे कप गोळा केले.

द्विनोंदी पद्धत मी कॉलेजात तीन वर्षं शिकलो, पण नोंदीची दुसरी बाजू मला त्या खोलीत दिसली. पुष्कळ वर्षांनी हे मी मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि बायबलातली एक गोष्ट सांगितली. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. येशूनं लोकांना उलट विचारलं, की ते अठराजण बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होते असं समजता काय? आणि स्वतःच सांगितलं, की मुळीच नाही. "मग बुरूज का कोसळला?" मी विचारलं. "ते सांगितलेलं नाही," मास्तर म्हणाले. "स्वतःला सुधारा, एवढंच सांगितलंय."

आमच्या बँकेत याला सस्पेन्स खातं म्हणतात. ज्या रकमेचं कूळ लागत नाही ती तिथे ठेवायची. घाईघाईनं कुणाच्याही खात्यात ढकलायची नाही. बुरूज, बॉम्ब, तुटलेला अंगठा, सगळं तिथे. आमच्या कॅशवरचे एक सहकारी नास्तिक आहेत. ते अशा सगळ्या नोंदी 'योगायोग' म्हणून निर्लेखित करून मोकळे होतात. तेही मला जमत नाही. कूळ सापडलं नाही म्हणून रक्कम नव्हतीच, असं कसं म्हणावं?

ही सगळी थिअरी मी हिच्यापुढे मांडली. हिनं पोळ्या लाटता लाटता ऐकून घेतली.

"मी आभार मानते," ती म्हणाली. "आभार मानायला कुणीतरी समोर लागतं ना? भिंतीचे मानू?"

मी गप्प झालो, कारण मुद्दा बिनतोड होता. आभार जरूर मानावेत. कारण सांगू नये, एवढंच माझं म्हणणं. आभार आपल्या देव्हाऱ्यापुरते असतात. कारण मात्र भिंतीपलीकडे ऐकू जातं, आणि पलीकडे कुणाचा मुलगा गेलेला असतो.

मग देव आपल्या रोजच्या कामांत येतच नाही का? येतो की. आपल्या संतांच्या कथांत तर तो कामाशिवाय दुसऱ्या कशाला येतच नाही. जनाबाईचं जातं ओढतो. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाण्याच्या कावडी वाहतो. आणि आम्हा बँकवाल्यांचा खास जिव्हाळ्याचा म्हणजे दामाजीपंतांचा विठोबा. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला. दामाजीपंतांनी सरकारी कोठारं लोकांना खुली केली. बेदरच्या बादशहाची माणसं त्यांना धरून न्यायला निघाली. तेव्हा गावानं ज्याला वेशीबाहेर ठेवलं, त्या विठू महाराच्या रूपात विठोबा बेदरला गेला, धान्याची सगळी रक्कम भरली आणि पावती घेतली. प्रत्यक्ष पांडुरंग असून पावती घेतली! काउंटरवर 'पावती कशाला हवी?' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

या कथांत एक गोष्ट माझ्या नजरेत भरते. दुष्काळ हा माझ्यासाठी संकेत आहे, असं दामाजीपंत कुठेच म्हणत नाहीत. ते उठतात आणि कोठाराचं कुलूप काढतात. देव नंतर येतो, तोही गड्याच्या वेषात, राहिलेलं काम उरकायला.

आपली भाषासुद्धा हेच सांगते. 'देवासारखी गाडी चुकली' असं मराठीत कुणी म्हणत नाही. 'अगदी देवासारखे भेटलात' हे मात्र आपण माणसाला म्हणतो. त्या ११ जुलैच्या संध्याकाळी रुळांलगतच्या झोपड्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि त्या चादरींच्या झोळ्या करून जखमींना नेऊ लागली. कुणाची जात, कुणाचा पास, काही विचारलं नाही. त्या रात्री देव कुठे होता, असं मला कुणी विचारलं, तर चादरीच्या चार टोकांशी बघा, एवढंच मी सांगू शकतो.

आता राहिला आमचा नळ. हिशेबाचा पहिला नियम असा, की देणाऱ्याच्या खाती जमा आणि घेणाऱ्याच्या नावे. प्लंबर देवानं पाठवला असं मान्य केलं, तर देवाच्या खाती जमा आणि माझ्या नावे. म्हणजे कृपा झाली तो माणूस लाडका ठरत नाही, देणेकरी ठरतो. हिला हा हिशेब सांगितला, तेव्हा पहिल्यांदाच तिनं माझ्या बी.कॉम.कडे आदरानं पाहिलं.

"मग फेडायचं कुठे?" तिनं विचारलं.

"पूर्वी ज्या शाखेचं देणं, त्याच शाखेत भरावं लागायचं. कोअर बँकिंग आल्यापासून कुठल्याही शाखेत भरता येतं. समोर जो येईल तिथे."

दुसऱ्या दिवशी ती त्याच कचेरीत गेली, दाखल्यासाठी. येताना उशीर झाला. रांगेत कुणा म्हाताऱ्या बाईंचा अर्ज भरून देत बसली होती म्हणे. "संकेत होता?" मी विचारलं. "नाही," ती म्हणाली. "त्यांचा चष्मा घरी राहिला होता."

त्यामुळे देव दिसायचा असेल तर फार लांब जायला नको. संध्याकाळी विरार फास्टमध्ये शिरून बघा. चार हात, शंख, चक्र, गदा घेऊन त्या डब्यात शिरणं भगवंतालाही जमायचं नाही. तो दोन हातांनीच येतो. एका हातानं वरची कडी धरतो, दुसऱ्यानं कुणाची तरी पिशवी आत घेतो, आणि म्हणतो, "या, या, होईल जागा."