चूल कोणासाठी लिंपायची?

‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण आपल्या तोंडी अजून आहे. तिच्यातील चूल मात्र बऱ्याच घरांतून गेली. इंदापूर तालुक्यातील शेळगावसारख्या गावी वडिलोपार्जित घर दुरुस्तीस काढले, की माळवद आणि चौकटींबरोबर आणखी एक प्रश्न पुढे येतो : स्वयंपाकघरातील जुन्या चुलीचे काय करायचे? गॅस आलेला असतो. तरीही कोणीतरी म्हणते, “ती होती तशीच उभी करू या.” या इच्छेत प्रेम आहे, यात शंका नाही. पण ते प्रेम नेमके कशावर आहे?

जॉन रस्किन या इंग्रज विचारवंताने १८४९ साली ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात जुन्या वास्तूंच्या जीर्णोद्धाराला असत्य ठरविले. गेलेल्या कारागिराचा हात परत आणता येत नाही, हे त्याचे म्हणणे. दगडी वास्तूंच्या बाबतीत ते विचार करण्याजोगे आहे. चूल मात्र त्या अर्थाने कधीच जुनी नसते. ती पोतेऱ्याने सारवली जाते, तडा गेला की लिंपली जाते, ढासळली की नव्याने घातली जाते. तिचे जुनेपण मातीत नसून रीतीत असते : माती चाळून तीत भुसा व शेण मळणे, बाजूस वैल काढणे, सावलीत सावकाश सुकू देणे. सिमेंटचा गिलावा टिकाऊ भासतो. परंतु तापण्या-निवण्याने तो मातीपासून सुटतो. तेव्हा नव्या मातीची चूल खोटी ठरत नाही.

खोटेपणा शिरतो तो आठवणीत. जेवणाऱ्याला भाकरीचा पापुद्रा आठवतो. फुंकणी धरणारीला डोळ्यांतले पाणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. या धुराची झळ स्त्रियांना व लहान मुलांना अधिक लागते. ज्या वस्तूचे सुख एकाला आणि कष्ट दुसऱ्याला मिळाले, तिचे गुणगान एकट्या सुख घेणाऱ्याने करणे न्याय्य आहे काय?

म्हणून चूल मोडूनच टाकावी, असेही नाही. ऊस पिकविणाऱ्या भागात तोडणीनंतर पाचट शेतातच जाळले जाते. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने त्याच पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत विकसित केली आणि तिला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार लाभला. विस्तवाशी नाते राखूनही धुराचे ओझे हलके करता येते, एवढा बोध त्यातून घ्यावा. जुन्या चुलीवर धुराडे बसविले, तर तिचे मूळ रूप बिघडते, अशी तक्रार होईल. होऊ द्यावी. रूप जपण्याहून तिच्यापुढे बसणारीचा श्वास जपणे मोठे आहे.

लॅटिन भाषेत चुलीला ‘फोकुस’ म्हणत. पुढे त्याच शब्दाला केंद्रबिंदू हा अर्थ आला. आपल्या घरांचे केंद्रही चूलच होती. पण त्या केंद्राशी बसलेली स्त्री सर्वांत शेवटी जेवत असे. जुनी चूल पुन्हा घालताना गवंड्याच्या आधी तिला विचारावे. ती “हवी” म्हणाली, तर चूल घालण्याची रीतही तिच्याकडूनच शिकावी, आणि माती मळायला घरातील पुरुषांनीही बसावे. ती “नको” म्हणाली, तर तो नकारही त्या घराचा वारसाच समजावा.