गाणं तुझं, मग कागद कुठाय?

मुकाट्यानं ऐक. मधे बोलायचं नाही.

आंबेनळी घाट उतरताना जीपमध्ये तुझी गवळण वाजत होती. शब्द तुझेच. दुसऱ्या कडव्यातला सावित्रीचा पूर दुसऱ्या कुणाच्या लेखणीतून यायचा नाही. ड्रायव्हरचा मोबाइल मागून घेतला. गायक कोण, ढोलकी कुणाची, कॅमेरा कुणी धरला, सगळं लिहिलंय. आणि गीतकार म्हणून नाव त्या रेकॉर्डिंगवाल्याचं!

वर तू मला म्हणतोस, "जाऊ द्या गुरुजी, गाणं पोचलं ना लोकांपर्यंत." काय जाऊ द्या? रात्र-रात्र जागून सवाल जुळवलेस ते त्याला मिरवायला?

तुझ्या अज्ञानाचा मला जास्त संताप येतो. नोंद केली नाही म्हणजे हक्क बुडाला, असं धरून बसलायस. साफ चूक. शब्द कागदावर उतरले तेव्हाच ते तुझे झाले. 1957 चा कॉपीराइट कायदा त्यासाठी कुठलाही शिक्का मागत नाही. तू आहेस तोवर हक्क तुझा, तुझ्यामागे 60 वर्षं तुझ्या वारसांचा. रेकॉर्डिंगवाल्याला फोनवर "घ्या, वाजवा" म्हणालास, त्यानं मालकी जात नाही. ती द्यायची तर लेखी करार लागतो आणि त्यावर तुझी सही. करारात मुदत घातली नसेल तर पाच वर्षं धरतात. हक्क विकलास तरी गाणं आपलं म्हणून सांगण्याचा अधिकार तुझ्याकडेच राहतो. कलम 57. पाठ कर.

मग नोंदणी कशाला? उद्या तो उलटून म्हणाला, गाणं माझंच, तर दाखवशील काय? शेवटच्या कडव्यात नाव गुंफायची शाहिरांची रीत तू पाळलीस, पण ते नाव गायकानं सहज बदललं. कॉपीराइट कार्यालयाच्या नोंदवहीतला उतारा मात्र न्यायालय प्रथमदर्शनी पुरावा म्हणून घेतं.

दिल्लीला जावं लागत नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो, फॉर्म 14. साहित्यकृतीला 500 रुपये. झांजा बदलायला याहून जास्त घालवतोस! अर्ज गेला की डायरी क्रमांक मिळतो, मग हरकतींसाठी 30 दिवस थांबायचं, त्यानंतर तपासणी. न छापलेलं लिखाणही चालतं. मात्र एका अर्जात एकच कृती, म्हणून सुटं गाणं न धरता गाण्यांचा नीट संग्रह कर. शब्द वेगळे, संगीत वेगळं, ध्वनिमुद्रण वेगळं. ध्वनिमुद्रणाची फी 2000, आणि ते ज्यानं केलं त्याचं असू शकतं. त्यावर तू डोळा ठेवू नकोस.

आता तुझ्याही खोडीबद्दल. जाखडी नाचाची चाल बापजाद्यांपासून चालत आलीय, ती स्वतःची म्हणून अर्जात लिहायची नाही. आणि गेल्या गणपतीत सिनेमाच्या चालीवर गण बांधलास, ती चाल कुणाची होती? विचारलंस का कुणाला? आपल्या शब्दांची चोरी झोंबते, मग दुसऱ्याच्या सुरांना हात लावताना मन कसं कचरत नाही?

तुझ्या वहीत तुझ्या शाहीरबुवांचीही गाणी आहेत. त्यांचं अक्षर मी ओळखतो. बुवा गेले, तरी ती गाणी त्यांच्या घरच्यांची आहेत. त्यांतलं एक जरी तुझ्या संग्रहात आलं तर मी स्वतः हरकत घेईन, हे ध्यानात ठेव. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवभारत कुणाचं, हे साडेतीनशे वर्षांनीही आपण त्यांचं नाव घेऊन सांगतो. बुवांच्या लावण्या-सवालांना बुवांचं नाव का मिळू नये?

रविवारी बुवांच्या घरी जा. त्यांची पानं वेगळी काढून त्यांच्या मुलाच्या हाती दे आणि त्यालाही अर्ज कसा करायचा ते समजाव. मग तुझी वही घेऊन माझ्याकडे ये. प्रत्येक गाण्याखाली कधी लिहिलं, पहिल्यांदा कुठं गायलं, ते आठवेल तेवढं खरं लिहून आण. त्या रेकॉर्डिंगवाल्याला द्यायचं पत्र आपण दोघं बसून लिहू.