माळकऱ्याचा चहा

महसूल खात्यात हयातभर कारकुनी करून, कचेरीत दिवसातून चार वेळा फिरणारी चहाची किटली एकदाही आपल्या मेजापाशी थांबू न देता निवृत्त झालेले आमचे गंगाखेडचे एक वृद्ध आप्त परवा मोठ्या गांभीर्याने विचारू लागले की, शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणीवरून गंगाखेडला येईल तेव्हा तिच्याबरोबर पंढरपूर गाठायचे मनात आहे. पण वाटेत गावोगाव लोक चहा पुढे करतात, नाही म्हणावे तर त्यांचे तोंड उतरते आणि हो म्हणावे तर गळ्यात माळ. तेव्हा या वयात चहा सुरू करण्यास शास्त्राची काही हरकत आहे काय?

माळकऱ्यास मद्य आणि मांस वर्ज्य, हे सर्वश्रुत आहे. चहाचे नाव त्या यादीत नाही. परंतु निषेध नाही एवढ्यावरून परवानगी गृहीत धरावयाची नाही, ही सरकारी दफ्तरात मुरलेल्या माणसाची सवय असल्यामुळे त्यांना लेखी आधार हवा होता. तो कोठून मिळावा? ज्यांचे घराणे मूळ पैठणचे त्या कमलाकरभट्टांनी काशीत निर्णयसिंधु पुरा केला तो 1612 मध्ये, आणि पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांचा धर्मसिंधु झाला तो 1790 च्या सुमारास. आसामात चहाचे मळे उभे राहू लागले ते त्यानंतर चार-पाच दशकांनी. व्रतवैकल्यांच्या बारीकसारीक शंकांचे निरसन करणाऱ्या या ग्रंथांत चहाला स्थान असणे शक्यच नव्हते.

तरीही शास्त्र अगदीच मुके नाही. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्याच्या आरंभी साधनसप्तक सांगितले आहे; त्यातील पहिले साधन विवेक, म्हणजे शुद्ध आहाराची निवड, आणि अन्न दूषित होण्याची कारणे त्यांनी तीन मानली: पदार्थाच्या जातीचा दोष, तो ज्याच्याकडून येतो त्या आश्रयाचा दोष, आणि केस, कचरा इत्यादी निमित्ताचा दोष. चहाच्या पानास कांदालसणाप्रमाणे जातिदोष कोणी चिकटविल्याचे ऐकिवात नाही. निमित्तदोषाची व्यवस्था गाळणी पाहते. उरतो आश्रय, आणि महाराष्ट्रात चहावरून जो धर्माचा कलह झाला तो सारा या एकाच कलमाखाली झाला.

1890 साली पुण्यात गोपाळराव जोशी यांनी पंचहौद मिशनमध्ये एक सभा घडवून आणली, आणि तीत टिळक, रानडे यांच्यासारख्या मंडळींपुढे मिशनऱ्यांकडून चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा प्याला, काहींनी पेला नुसता हाती घेऊन बाजूस ठेवला. पण हजर असणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रात झळकताच ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उपस्थित झाले, प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले, टिळकांनी काशीत घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला पुढे केला आणि रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले. त्या साऱ्या वादंगात पेल्यामध्ये काय होते याची चौकशी कोणीच केली नाही. चौकशी झाली ती पेला कोणी दिला याची. पुढे रेल्वेच्या फलाटांवर हिंदू चहा आणि मुसलमान चहा अशा निरनिराळ्या आरोळ्या उठू लागल्या, आणि खेड्यातील हॉटेलाबाहेर दलितांसाठी वेगळ्या काढून ठेवलेल्या, ज्याच्या त्याने विसळावयाच्या, कपबश्या तर पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. एवढे पाप त्या बिचाऱ्या पानाच्या माथी मारले जावे, याचा अचंबा वाटतो.

मी आप्तांस म्हटले, "काका, तुम्ही जनाबाईच्या गावचे." दासीच्या जात्याला प्रत्यक्ष विठ्ठल हात लावतो ही परंपरेची श्रद्धा, आणि श्राद्धासाठी रांधलेले अन्न एकनाथांनी अस्पृश्यांस जेवू घातले ही याच गोदावरीकाठची कथा, कीर्तनात ऐकून ज्यांनी डोळे पुसले त्यांना आश्रयदोषाची सबब सांगण्याचा अधिकार उरत नाही. पालखीच्या वाटेवर जो कोणी चहा देईल, त्याची जात, पंथ किंवा धर्म न विचारता तो घ्यावा; किंबहुना पहिला चहा घरी न घेता अशाच परक्या हातून घ्यावा, असे माझे मत आहे.

खरी अडचण पुढे आहे. त्याच सप्तकातील दुसरे साधन विमोक, म्हणजे वासनेची पकड सुटणे. आणि विवेकाच्या चौकीवरून निर्धास्त सुटलेला चहा येथे हटकून अडकतो. ज्यांची पूजा चहावाचून सुरू होत नाही, असे सोवळ्यातले कितीतरी सज्जन मला ठाऊक आहेत. धान्य नाही म्हणून एकादशीला चहा चालतो, हा घरोघरीचा निवाडाही मला पोकळ वाटतो; दिवसभर चहावर भूक मारून उपवास पदरात पाडून घेणे म्हणजे व्रताची नुसती नोंद करणे होय. म्हणून नवशिक्याने, रिकाम्या पोटी घेऊ नये, पूड बेताची टाकावी, फार उकळून कडू करू नये, बशीत ओतून निववून प्यावा, या गोष्टी शिकतानाच एकादशीस चहा सोडण्याचा नेम धरावा. त्या दिवशी डोके दुखले तर सवय कितपत जडली हे आपोआप कळते.

आप्तांनी सर्व अटी मान्य केल्या. फक्त आषाढीस दर्शनाच्या रांगेत फार वेळ उभे राहावे लागते, या कारणास्तव तेवढी एक एकादशी नेमातून वगळावी असा त्यांचा तोंडी अर्ज आहे, आणि त्यावर मी अद्याप शेरा मारलेला नाही.