राग आवरणाऱ्या पेशी



जळकोट परिसरातील एक गृहस्थ काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे आले. (त्यांच्या परवानगीने लिहितो, गाव सांगत नाही.) कुष्ठरोगाच्या गोळ्या ते एकही दिवस न चुकवता घेत होते. तरी अचानक जुना चट्टा लाल होऊन सुजला, कोपराजवळची नस दुखू लागली आणि दोन बोटे वाकली. “फादर, औषध घेऊन रोग वाढतो का हो?”

रोग वाढला नव्हता. डॉक्टर याला लेप्रा रिअॅक्शन म्हणतात. औषधाने जंतू मरतात, पण त्यांचे अवशेष नसांत उरतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्या मेलेल्या शत्रूवर तुटून पडते. घाव बसतो तो नसेला. बांधाचा तंटा कोर्टात मिटल्यावरही भावाभावांत जे चालू राहते, तसेच हे.

असा राग आवरणाऱ्या पेशीही शरीरात असतात. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या वगळून बाकीच्या टी पेशी उंदरांत सोडल्या, तेव्हा उंदरांचे शरीर स्वतःवरच उलटले. त्या परत दिल्यावर आजार टळला. २००१ मध्ये मेरी ब्रंकॉ व फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्स-पी-थ्री हे जनुक शोधले. या पेशी त्याच जनुकामुळे घडतात, हे पुढे कळले. तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

सेमिनरीत आम्ही संयमाचे धडे मन लावून गिरवले. जिथे रागवायला हवे तिथेही न रागावणारा शहाणा नव्हे, हे अॅरिस्टॉटलचे म्हणणे मात्र वाचून सोडून दिले. ते कुष्ठरोगानेच पुन्हा आठवून दिले. ज्या प्रकारात जंतू अंगभर पसरतात, त्या रुग्णांत याच आवरणाऱ्या पेशी जास्त आढळल्या आहेत. कर्करोगाच्या गाठीही त्यांच्या आडोशाने वाढतात.

घरात सुनेला मार बसतो आणि मंडळी येऊन म्हणतात, “फादर, मिटवून टाका.” पूर्वी आम्ही लगेच मिटवत असू. ते आमचे चुकलेच. आता आधी सुनेला एकटीला विचारतो : मार थांबला आहे की अजून चालू आहे?

त्या गृहस्थांना डॉक्टरांनी कुष्ठरोगाचे औषध न थांबवता स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि मात्रा हळूहळू कमी करत नेली. गेल्या रविवारी ते भेटायला आले, तेव्हा सदऱ्याचे बटण स्वतः लावून दाखवले. करंगळी अजून वाकडीच आहे.